खांदा सोडवताना

आत्याच्या ब्लाउजची डावी बाही शिवलेली नाही. काखेपासून खालची सगळी शिवण तिनं स्वतःच उसवली आहे आणि तिथं टिचबटणं लावली आहेत. फिजिओथेरपिस्ट मॅडम ती एकेक करून सोडवतात, खांदा मोकळा करतात आणि विचारतात, "हे कुणी सुचवलं?"

"सुचवायचंय कुणी? शिवणकाम करते मी. हात बाहीत जाईना, मग बाहीलाच वाट करून दिली."

"कधीपासून असं?"

"दुखायला लागलं माघात. बाही उसवली चैत्रात."

मॅडम दोन्ही महिने केसपेपरवर लिहून घेतात. आता श्रावण चालू आहे. सांगलीतल्या एका रुग्णालयाचा हा तळमजला. बाहेर नुकतीच सर येऊन गेली आहे आणि छत्र्यांचं पाणी दारापासून पहिल्या खाटेपर्यंत आलं आहे. भिंतीला पुलीची दोरी, शेजारी बोटांनी चढायची लाकडी शिडी, पलीकडे खांद्याच्या उंचीवर बसवलेलं लोखंडी चाक. प्रत्येकापाशी कुणी ना कुणी उभं आहे. बायका जास्त आहेत, बहुतेक पन्नाशीच्या आगेमागे. खांदा आखडतो तो साधारण ४० ते ६० या वयात, आणि पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास अधिक होतो.

"दोन्ही कोपरं अंगाला चिकटवा, मावशी. आता तळवे बाहेरच्या बाजूला न्या. दार उघडता तसे."

उजवा हात सहज बाहेर जातो. डावा जरासा सरकतो आणि थांबतो. मॅडम कोपराशी दोन पट्ट्यांचा प्लास्टिकचा कोनमापक धरतात. उजवीकडे ७० अंश, डावीकडे १५. आत्या हात आणखी बाहेर न्यायला बघते तेव्हा हात तिथंच राहतो आणि अख्खी पाठ फिरते. मॅडम खांद्याचं पातं मागून तळहातानं दाबून धरतात. "पाठ नको, हात." हात हलत नाही. मग त्या स्वतः तो धरून अगदी सावकाश बाहेर ढकलतात. पुन्हा १५ अंश. आत्याचे ओठ घट्ट मिटतात, मॅडमचा हात लगेच सैल होतो.

या तपासणीचं महत्त्व मला पुढच्या पाच मिनिटांत कळतं. शेजारच्या खाटेवर मार्केट यार्डातले एक हमालदादा आहेत. हळदीची पोती उचलून आयुष्य गेलेलं. त्यांचाही हात वर होत नाही आणि त्यांनाही कुणीतरी सांगितलंय, फ्रोझन शोल्डर आहे, व्यायाम करा. मॅडम त्यांचा हात धरून वर नेतात. हात थेट कानापर्यंत जातो. मग त्यांना म्हणतात, आता तुम्ही उचला. हात कमरेच्या जरा वर येऊन खाली पडतो.

"दादा, तुमचा सांधा मोकळा आहे. मी नेला की जातोय, तुम्ही नेला की पडतोय. हात उचलणारा कंडरा फाटलाय का, ते आधी बघायला हवं. सोनोग्राफी करून या, मग व्यायामाचं ठरवू."

"म्हंजे इतकं दिस दोरी वडली ती फुकट गेली म्हणायची?"

मॅडम उत्तर देत नाहीत, चिठ्ठी लिहितात. आखडलेल्या खांद्यात रुग्णाला हात नेता येत नाही आणि दुसऱ्यालाही नेता येत नाही, ही त्याची ओळख. खांदा दुखतोय म्हणून सगळ्यांना एकच व्यायामाचा कागद हातात देणं किती महागात पडतं, ते दादांच्या चेहऱ्यावर दिसतंय.

आत्याचा एक्स-रे मात्र स्वच्छ आहे. तिचा खरा राग त्या एक्स-रेवर आहे. "घरात सगळे म्हणतात, फोटोत काही नाही, तू उगीच बाऊ करतेस. मग रात्री जीव जातो तो कशानं?" मॅडम खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतात. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल आवरण असतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. ते एक्स-रेत दिसतच नाही. त्याला सूज येते, मग ते जाड होतं, आक्रसतं. काखेच्या बाजूला त्याची एक सैल घडी असते, तिच्यामुळे हात वर जातो. ती घडीच नाहीशी होते.

आत्या ऐकून घेते आणि म्हणते, "सदऱ्याच्या काखेत आम्ही चौकोनी तुकडा जोडतो, हात वर करताना सदरा ओढला जाऊ नये म्हणून. तो आटला म्हणा की."

मॅडम क्षणभर बघत राहतात. "मावशी, हेच मी आता सगळ्यांना सांगणार."

मला बरं वाटतं ते याचं, की सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या दुखण्यावर कुणी विश्वास ठेवला. हा आजार ज्यांना होतो त्यातल्या किती बायका घरात "काम टाळते" हे ऐकत असतील! हात वर न गेल्यानं अंबाडा घालता येत नाही, मागे न गेल्यानं साडी खोचता येत नाही, कुशीवर वळलं की झोपमोड होते. बाहेरून मात्र हात धडधाकट दिसतो.

हाडांचे डॉक्टर येतात. त्यांचा पहिला प्रश्न खांद्याबद्दल नसतोच. "शुगर?"

आत्या इकडेतिकडे बघते. गोळी चालू आहे, तपासणी दिवाळीनंतर केलेली नाही. बोटातून रक्त घेतलं जातं: १६८. डॉक्टर तीन महिन्यांच्या सरासरीची आणि थायरॉइडची तपासणीही लिहितात. एरवी शंभरातल्या दोन ते पाच जणांचा खांदा कधी ना कधी असा आखडतो, पण मधुमेह असलेल्यांत हे प्रमाण कित्येक पट असतं आणि त्यांचा खांदा सुटतोही उशिरा. काही वेळा तर मधुमेहाचा पत्ताच खांद्याच्या तक्रारीतून लागतो. थायरॉइडच्या रुग्णांनाही हा धोका जास्त. म्हणून खांद्यासाठी आलेल्या माणसाचं रक्त तपासलं नाही, तर ती तपासणी अर्धीच झाली असं मला वाटतं.

"रात्रीचं दुखणं कमी होतंय की वाढतंय?"

"वाढतंय. तीनला उठून बसते."

डॉक्टर मॅडमकडे बघतात आणि दोघांचं एका वाक्यात ठरतं: आधी दुखणं. या आजाराचे ढोबळ तीन टप्पे. पहिल्यात दुखणं वाढत जातं आणि हालचाल कमी होत जाते. तो काही आठवडे ते आठ-नऊ महिने चालतो. मधल्यात दुखणं ओसरतं, पण हात जखडलेलाच राहतो, चार महिने ते वर्षभर. शेवटच्यात तो हळूहळू सुटतो, त्याला दोन वर्षंही लागू शकतात. आत्या पहिल्या टप्प्याच्या टोकाला आहे. अशा वेळी ताणण्याचा जोर केला तर सूज आणखी भडकते. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्याचा सर्वांत जास्त फायदाही याच टप्प्यात होतो.

"स्टेरॉइड?" आत्या घाबरते. "त्यानं हाडं ठिसूळ होतात म्हणे."

"रोज गोळ्या घेत राहिलात तर. हे एकदा, जागच्या जागी. तुमची शुगर मात्र काही दिवस वाढेल, हे आत्ताच सांगतो. घरी मशीन आहे? सकाळ-संध्याकाळ बघायची. तीनशेच्या वर राहिली तर फोन करायचा."

स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही खांद्याचं दुखणं थोड्या दिवसांपुरतं उतरतं, पण मधुमेह असताना डॉक्टर त्या वाटेला जात नाहीत. साध्या वेदनाशामक गोळ्याही मोजक्याच लिहितात, मूत्रपिंडाची तपासणी पाहून.

पलीकडच्या खोलीत मला उभं राहू देतात. आत्या उजव्या कुशीवर झोपते, डावा खांदा वर, हात उशीवर पुढे. डॉक्टर तिच्या पाठीमागे बसतात. खांदा पिवळसर तांबड्या औषधानं दोन-तीनदा पुसला जातो. सोनोग्राफीचा प्रोब खांद्याच्या मागच्या बाजूला टेकतो आणि पडद्यावर करड्या थरांच्या खाली एक गोलाई उमटते, ती दंडाच्या हाडाचं डोकं. सिरिंजमध्ये ४० मिलिग्रॅम ट्रायअ‍ॅम्सिनोलोन आणि त्यात बधिर करणारं औषध मिसळलेलं, पांढुरकं, दुधाळ. सुई शिरते ती आधी दिसत नाही. मग पडद्याच्या कडेनं एक चकचकीत रेघ तिरकी आत येते, गोलाईच्या कडेला पोचते, थांबते. डॉक्टर दट्ट्या दाबतात आणि आवरण हाडापासून किंचित उचललं जाताना दिसतं.

"झालं?" आत्या विचारते.

"झालं."

"मग इतके महिने मी कशाला थांबले?"

खरंच आहे. इंजेक्शन म्हणजे आजार संपला असं नाही. त्याचा जोर काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. पण त्या अवधीत माणूस झोपतो आणि हात हलवायला धजावतो. लोक घाबरून ते टाळतात किंवा शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात, आणि ज्या दिवसांत त्याचा उपयोग व्हायचा तेच निघून जातात.

बाहेर बाकावर एसटीतून निवृत्त झालेले एक काका त्यांच्या मुलासोबत बसले आहेत. त्यांची गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. गावाकडच्या एका माणसानं त्यांना जमिनीवर निजवलं, स्वतःची टाच त्यांच्या काखेत रोवली आणि दोन्ही हातांनी हात ओढला. कट्‌ असा आवाज आला. तो म्हणाला, सुटला. दुसऱ्या दिवशी दंड कोपरापर्यंत काळानिळा. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, हे काकांचं नशीब. वापर नसलेल्या हाताचं हाड या वयात नाजूक झालेलं असतं, असल्या हिसक्यानं ते मोडू शकतं. गावोगाव हे चालू आहे, आणि ओढणाऱ्याची त्या पंचक्रोशीत ख्याती असते. खांदा जोरानं सुटत नाही, हे जितक्या लोकांना जितक्या लवकर कळेल तितकं बरं. २००४ साली नेदरलँड्समधल्या डिअर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी ७७ रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. दुखेल त्याच्या अलीकडेपर्यंतच हात हलवत राहिलेले रुग्ण, दुखण्यापलीकडे ताणून घेणाऱ्यांपेक्षा अधिक चांगले बरे झाले.

काकांचं आता रात्री दुखत नाही, पण हात खांद्याच्या वर जात नाही. मुलाला घाई आहे. "डॉक्टर, ऑपरेशनच करून टाका ना. दुर्बिणीतून करतात म्हणे."

डॉक्टर उभ्या उभ्याच सांगायला लागतात आणि मग बसतात. २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधली ३५ रुग्णालयं, ५०३ रुग्ण. काहींची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, काहींचा हात भूल देऊन मोकळा केला, काहींना सांध्यात इंजेक्शन आणि ठरावीक फिजिओथेरपी. वर्षभरानंतर तिन्ही गटांत रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक उरला नाही, आणि शस्त्रक्रियेत धोके जास्त निघाले.

"म्हणजे फिजिओनं सगळे बरे झाले?"

"सगळे नाही. काहींना पुढे आणखी उपचार लागले. तसे तुमच्या वडिलांना लागले तर तेव्हा बघू. आधी हे करून पाहायचं."

'हे' म्हणजे हायड्रोडायलेटेशन. खारं पाणी, बधिर करणारं औषध आणि थोडं स्टेरॉइड सांध्यात भरून आक्रसलेलं आवरण आतून फुगवायचं. निरोगी खांद्यात १५ ते ३० मिलिलिटर द्रव आरामात मावतो. काकांसारख्या खांद्यात दहाच्या आसपासच दाब लागायला सुरुवात होते. काकांना आत नेतात. वीसएक मिनिटांनी ते बाहेर येतात, डावीकडे जरा झुकलेले, कपाळावर घाम. "भरून आल्यागत झालं. मग एकदम हलकं." मॅडम त्यांना घरी सोडत नाहीत, थेट पुलीपाशी नेतात. मिळालेली जागा त्याच दिवसापासून वापरायची. दुखणं कशालाच दाद देत नसेल तर खांद्याच्या पात्यावरची नस बधिर करण्याचाही उपाय असतो, पण काकांना आज त्याची गरज नाही.

एवढ्यात एक तरुण, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मॅडमना विचारतो, "मला आज करंट नाही लावणार?"

"लावते. पण काल घरी काठीचा व्यायाम केलात का?"

तो गप्प. मॅडम खांद्यावर पॅड चिकटवतात, मशीन गुणगुणायला लागतं. शेकानं आणि करंटनं बरं वाटतं, स्नायू सैल पडतात, व्यायामाला हात तयार होतो. तेवढंच त्याचं काम. नुसत्या मशीनवर खांदा सुटतो याला भक्कम आधार नाही, तरी दहा दिवसांचं, पंधरा दिवसांचं मशीनचं पॅकेज विकणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. रुग्ण रोज जातो, आडवा पडतो, पैसे देतो आणि घरी हात हलवत नाही. मला त्या तरुणापेक्षा त्याला ही सवय लावणाऱ्यांचा राग येतो.

आत्याला टेबलापाशी उभं केलं आहे. उजवा हात टेबलावर टेकलेला, कंबरेत वाकलेली, डावा हात खाली सैल सोडलेला. शरीर हलकेच झुलवायचं आणि हाताला त्याच्या वजनानं झुलू द्यायचं. पुढे-मागे, मग छोटे गोल. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावानं हा व्यायाम ओळखला जातो. याच कॉडमननी १९३४ साली आपल्या खांद्यावरच्या ग्रंथात 'फ्रोझन शोल्डर' हे नाव रूढ केलं.

"हात तुम्ही हलवताय, मावशी. सोडून द्या."

"सोडलाय की."

"नाही सोडला. दंड कडक आहे." मॅडम दंडाला बोट लावून दाखवतात. सहा महिने जपलेला हात सोडून देणं आत्याला जमत नाही. दोन-तीन वेळा तो घट्टच राहतो. मग मॅडम तिला विचारतात, गणपतीत ब्लाउजांची गर्दी असते का? आत्या बोलायला लागते, पिको-फॉल, अस्तराचे भाव, उधारी. बोलण्याच्या नादात हात कधीतरी सैल पडतो आणि झुलायला लागतो.

पुढचा व्यायाम टेबलावर: फडक्यावर तळहात ठेवून पुढे सरकवत न्यायचा. त्यानंतर आडवं पडून दोन्ही हातांत काठी धरायची आणि उजव्या हातानं डावा बाहेर ढकलायचा. एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, शेक घेतल्यावर. आत्या एकच प्रश्न विचारते, किती दुखू द्यायचं? मॅडमचं उत्तर मी वहीत उतरवून घेते. ताण जाणवला पाहिजे, व्यायाम थांबवल्यावर थोड्या वेळात तो उतरला पाहिजे. रात्री जास्त दुखलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं, बंद नाही करायचं. झोपताना दंडाखाली उशी. कुणाच्या तरी सांगण्यावरून आत्या महिनाभर हात गळ्यातल्या झोळीत ठेवत होती, ती आजपासून बंद.

"मशीन चालवू का?"

"चालवा. हात कामात राहू दे. वरच्या फळीवरचे तागे मात्र दुसऱ्याला काढायला सांगा."

शिडीपाशी एक शाळेच्या बाई आहेत. त्यांचा उजवा खांदा धरला होता, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा फळ्यावर त्या डाव्या हातानं लिहायला शिकल्या. आता त्यांचं मधलं बोट शिडीच्या शेवटून दुसऱ्या पायरीवर आहे. पाठीमागे टॉवेल धरून वरच्या हातानं खालचा ओढण्याचा व्यायामही त्यांना दिला आहे. जे आत्याला आज करू दिलं जात नाही, ते यांना मुद्दाम करायला लावलं जातंय, शेवटच्या अंशापर्यंत ताणून. हात मागे अजून कंबरेच्या थोडा वरच थांबतो. हा आजार आपोआप पूर्ण बरा होतो असं सर्रास सांगतात. अनेकांच्या खांद्यात वर्षानुवर्षं थोडी अडचण राहून जाते, हे सांगत नाहीत.

बाईंना आज सुट्टी मिळायची आहे, पण मॅडम कोनमापक घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला येतात.

"हा कशाला? हा चांगला आहे."

"एकदा सुटलेला खांदा सहसा परत धरत नाही. दुसरा मात्र धरू शकतो, आणि तुम्हाला मधुमेह आहे." कोपर अंगाला, तळवा बाहेर. ६५ अंश. मॅडम तारीख घालून आकडा लिहितात. "दर महिन्याला आरशासमोर दोन्ही हात असे बाहेर न्यायचे. डावा मागे पडला, किंवा त्या कुशीवर झोपताना दुखायला लागलं, तर त्याच आठवड्यात यायचं. उजव्याच्या वेळी किती थांबला होतात?"

"पाच महिने. परीक्षा होत्या मुलांच्या."

"आणि शुगर?"

"उपाशीपोटी १४०."

"तीही खाली आणायची. पुढच्या वेळी येताना तो रिपोर्ट आणा."

बाई केसपेपर पर्समध्ये घालतात आणि जाता जाता आत्यापाशी थांबतात, टिचबटणं बघतात. आत्या त्यांना बाही कुठून उसवायची ते दाखवू लागते.